आईला गाडी लागते आणि मला घाट आवडतो: फोर व्हील ड्राइव्ह फॅमिली गाडी घेऊ का?

तिसरा_गिअर (पुणे)

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा स्वतः विचारतोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

घरात आम्ही पाच जण. मी, बायको, ९ आणि ४ वर्षांची दोन पोरं आणि आई. गाव गुहागरच्या अलीकडे, त्यामुळे शिमगा, मे महिना, गणपती आणि मधली लग्नं-बारशी धरून वर्षाला सहा-सात फेऱ्या ठरलेल्या. रस्ता नेहमीचाच, उंब्रजला हायवे सोडायचा, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली उतरून चिपळूण. सध्या २०१४ ची १.२ पेट्रोल हॅचबॅक आहे. एकटा असलो की अजूनही गोड चालते, पण पाच माणसं आणि परतीला आंब्याच्या दोन पेट्या भरल्या की घाट चढताना दुसऱ्या गिअरवर असा सूर लावते की मागचा एसटीवाला डिपर मारून मारून कंटाळतो.

आता खरा मुद्दा. मला गाडी चालवायला मनापासून आवडतं. म्हणजे १६० ने पळवायला नाही हो, तो नाद नाही, पण घाटात एखादं वळण नीट बसलं, ब्रेक वेळेवर लागला, स्टेअरिंग एकदाच फिरवलं आणि मधेच परत दुरुस्त करावं लागलं नाही, की माझा दिवस चांगला जातो. आणि आईला गाडी लागते. कोयनानगर आलं की आलेपाक तोंडात, खिडकी अर्धी उघडी, डोळे मिटलेले, आणि हेळवाक सोडलं की दहा मिनिटांत "जरा थांबव रे". म्हणजे माझा आवडता रस्ता आणि तिचा नावडता रस्ता एकच.

सेकंडहँडमध्ये दोन गाड्या बघून आलोय. एक २०२२ ची फोक्सवॅगन टिग्वान, २.० टीएसआय म्हणजे दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, १९० पीएस ताकद, ३२० न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी आणि फोरमोशन म्हणजे चारी चाकांना ड्राइव्ह. दुसरी २०२१ ची स्कोडा ऑक्टाव्हिया, ताकद तेवढीच, गिअरबॉक्स तसाच, पण सगळा जोर पुढच्या दोन चाकांवर आणि गाडी जमिनीला चिकटलेली. बायको म्हणते फॅमिली गाडी बघ, तुझं खेळणं नको. शोरूमवाले तर चारी चाकं फिरतात म्हटल्यावर गाडी जणू भिंतीवर चढेल असं बोलतात.

मला एवढंच कळत नाहीये की घाटात चारी चाकांच्या ड्राइव्हची मजा ड्रायव्हरला खरंच कळते का, की ती फक्त चिखलापुरती आणि बर्फापुरती? आणि उंच गाडी डुलते म्हणतात, मग आईचं काय होईल? ज्यांनी अशी गाडी वर्षानुवर्षं चालवलीये त्यांनी बोला. यूट्यूब बघून झालंय.


आंबाघाट_दर_गुरुवारी (कोल्हापूर)

भावा, मी तुझ्या आईच्या बाजूनं बोलणार आहे, आधीच सांगतो.

माझ्याकडं २०२२ ची स्कोडा कोडियाक. टिग्वानचीच सख्खी बहीण, इंजिन तेच, ड्राइव्ह तसाच, वर ते डीसीसी म्हणजे बटणावर कडक-मऊ होणारे शॉकअब्सॉर्बर. दर गुरुवारी कोल्हापूर, मलकापूर, आंबा, साखरपा, रत्नागिरी, आणि शुक्रवारी परत. धंदा आहे तिकडं, हौस न्हाई. पण खोटं कशाला बोलू, हौस पण आहेच.

पहिला गैरसमज काढ. ही गाडी कायम चारी चाकांवर पळत न्हाई. सरळ रस्त्याला जवळजवळ सगळा जोर पुढंच असतोय. मागच्या दोन चाकांत जोर वाटणारं डिफरन्शियल असतंय, त्याच्या पुढ्यात तेलात बुडालेल्या प्लेटांचा एक क्लच आहे, हाल्डेक्स म्हणतात त्याला, मूळ स्वीडनच्या कंपनीचं नाव, तो धंदा २०११ पासून बोर्गवॉर्नरकडं. कॉम्प्युटरनं सांगितलं की इलेक्ट्रिक पंप प्लेटा दाबतो आणि मागची चाकं कामाला लागतात. चाक घसरायची वाट बघत न्हाई, तू पेडल किती दाबलंस, स्टेअरिंग किती फिरवलंस यावरून आधीच अंदाज घेऊन धरतो.

आता तुला कळेल कुठं ते सांगतो. साखरप्याकडनं आंबा चढताना, जुलै महिना, डावीकडं वळायचं यू वळण, आतल्या कडेनं पाणी वाहतंय, पुढं उसाचा ट्रक न्हाई तर सिमेंटचा बल्कर होता तो नुकताच बाजूला झालाय आणि तुला निघायचंय. पुढच्या चाकांच्या गाडीत वळणाच्या मधोमध पेडल दाबलंस की आतलं चाक भुर्रकन फिरतं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो, इंजिन श्वास धरल्यासारखं गप होतं आणि गाडीचं नाक बाहेर जायला बघतं. मग तू पाय मागं घेतोस, परत दाबतोस. गाडीतली माणसं पुढं-मागं, पुढं-मागं. तिथंच तुझ्या आईचा आलेपाक बाहेर येतोय बघ.

टायरची पकड म्हणजे एक भाकरी समज. वळायला अर्धी दिलीस तर ओढायला अर्धीच उरते. पुढच्या दोघांनीच वळायचं आणि त्यांनीच ओढायचं म्हटल्यावर ओल्या रस्त्यावर भाकरी पुरत न्हाई. मागच्या दोघांनी ओढायचं काम वाटून घेतलं की पुढच्यांना वळायला मोकळीक. गाडी वळणातनं ढकलल्यासारखी निघते, झटका न्हाई, दिवा न्हाई, पाय एकाच जागी. ही मजा आहे बघ, आणि ही मजा मागं बसणाऱ्याला पण लागते, फक्त त्याला ती "आज घाट लवकर संपला" एवढीच कळते.

कोरड्या रस्त्यावर मात्र सरळ सांगतो, ४०-५० च्या स्पीडला फरक शून्य. ऑक्टाव्हिया तिथं टिग्वानपेक्षा सरळ आणि सपाट वळेल, कारण ती बसकी आहे. चार चाकांची जादू चढावर, पावसात, वळणातनं बाहेर पडताना. एवढीच. त्याच्या बाहेर जो कोणी जादू सांगंल तो विकायला बसलाय.

माझ्या गाडीत कम्फर्ट मोड लावला की खड्डे गायब पण घाटात गाडी बोटीसारखी डुलते, स्पोर्टवर डुलत न्हाई पण माझी बायको माझ्याकडं बघते. घाटात मी नॉर्मलवर ठेवतो आणि गिअर तेवढा एसवर, म्हणजे स्पोर्टवर.


लाल_परीचा_प्रवासी

एवढ्या पैशात एसटीचा आयुष्यभराचा पास येईल, ड्रायव्हर फुकट आणि डिपर खायला तुम्ही पुढे नाही, मारायला मागे असाल.


वशिष्ठीकाठची (चिपळूण)

माहेर कऱ्हाड, सासर चिपळूण, म्हणजे कुंभार्ली हा माझा माहेरचा रस्ता. १७ वर्षं चालवतेय, पहिली पाच मारुतीची छोटी गाडी, आता डिझेल सेडान, पुढच्याच चाकांची. तेव्हा मी जरा उलटं बोलणार.

वरच्या भाऊंनी चढाचं छान सांगितलंय. पण तिसरा गिअर, तुम्ही पुण्याहून येता तेव्हा घाट उतरता. आणि उतारावर चारी चाकांना जोर मिळतो की दोघांना याने काडीचा फरक पडत नाही, कारण तिथे जोर नकोच असतो. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारी चाकांवर असतात हो. थांबायला आणि वळायला कामाला येतं ते टायरचं रबर, बस.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दीर मोठी चारी चाकांची गाडी घेऊन मुंबईहून आले होते, कुठल्या कंपनीची ते जाऊ दे, गाडीचा दोषच नव्हता. जूनचा दुसरा आठवडा, पहिला जोराचा पाऊस पडून गेलेला. हा काळ सगळ्यात वाईट, उन्हाळाभर ट्रकचं सांडलेलं तेल, डिझेल, धूळ सगळं वर येतं आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो, पुढे जुलैत धुऊन निघाला की उलट बरा. घाटात एका वळणावर दिरांनी ब्रेक मारला, एबीएस पायाखाली कटकट करायला लागलं आणि गाडी स्टेअरिंग वळवलेलं असताना सरळच गेली. नशीब डोंगराकडच्या गटारात गेली, पलीकडे नाही. पुढचं चाक गटारात, बंपर कातळाला, सासूबाई मागे रामरक्षा म्हणत होत्या ती पूर्ण करूनच उतरल्या.

नंतर मी टायर बघितले. नक्षी भरपूर होती, टायरवाल्याने दिरांना तेच सांगून पाठवलं होतं की अजून २० हजार जातील. पण बाजूला चार आकडी नंबर असतो तो मी वाचला, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सात वर्षांचे टायर! नख दाबलं तर रुतेना, पाट्यासारखे कडक झालेले. चार चाकांना ड्राइव्ह असल्यामुळे दिरांना चढताना कधी जाणवलंच नाही की पकड गेलीये. माझ्या गाडीचं चाक चढावर भुर्र झालं असतं तर मला आधीच कळलं असतं. म्हणजे ज्याची मजा म्हणताय त्यानेच इशारा लपवला.

तर माझं म्हणणं, ऑक्टाव्हिया घ्या आणि उरलेल्या पैशात दर तीन-चार वर्षांनी चांगले टायर घाला. आणि सासूबाईंना, म्हणजे तुमच्या आईंना, पुढे बसवा. मागे बसवून वर त्यांना गाडी लागते म्हणता!


सपाट_वळण (ठाणे)

ताईंना अनुमोदन. बसक्या गाडीची गंमत वेगळीच असते. कंपनीने स्वतः ऑक्टाव्हियाची तेव्हाची सगळ्यात तिखट आवृत्ती, आरएस २४५, २०२० मध्ये भारतात आणली तेव्हा २४५ पीएस पुढच्याच दोन चाकांना दिले होते, वर इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. फक्त २०० गाड्या आल्या होत्या. मित्राच्या गाडीत बसून पसरणी घाट चढलोय, आतल्या चाकाचा जोर बाहेरच्या चाकाकडे जातो आणि गाडी स्वतःला आत ओढून घेते, अंगावर काटा येतो. पण खरं सांगायचं तर पाचगणीला पोचेपर्यंत मागे बसलेली त्याची बहीण हिरवी पडली होती, त्यामुळे हे उदाहरण तुमच्या आईंना दाखवू नका.


चाकाचा_जुना_कारभार

चारी चाकांच्या फॅमिली गाडीचं वेड आपल्याकडे नवीन नाही. शेवरोलेचा बिल्ला लावलेली फॉरेस्टर आठवते का कुणाला? आतून पूर्ण जपानची सुबारू, आडव्या सिलिंडरचं दोन लिटरचं बॉक्सर इंजिन. तेव्हा शेवरोलेच्या मालक जनरल मोटर्सचा सुबारूच्या कंपनीत हिस्सा होता म्हणून ती वाट उघडली. लोकांनी बघितली, ही जीप नाही आणि ही कार पण नाही म्हणाले आणि निघून गेले. आज तेच लोक तसल्याच गाडीला ४०-५० लाख मोजतात.


डेन्व्हरकर (कोलोरॅडो, मूळचा सांगलीचा)

सुबारूचं नाव निघालं म्हणून बोलतो. इथे आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरासमोर एक सुबारू उभी असते, माझी पण त्यातच, आउटबॅक, २.४ टर्बो, २६० हॉर्सपॉवर. स्टेशनवॅगन म्हणा, दोन पोरं, स्की, ढोकळ्याचा डबा, सगळं मावतं. टर्बो मुद्दाम घेतली कारण डेन्व्हरच मुळात ५,२८० फुटांवर आहे, विरळ हवेत साध्या इंजिनाची ताकद हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते, आणि इथली लव्हलँड पास ही खिंड ११,९९० फुटांवर. तिथे साधी गाडी तुमच्या १.२ सारखीच रडते.

माझ्या गाडीचा ड्राइव्ह कायम चारी चाकांना असतो, हाल्डेक्ससारखा बोलावल्यावर येत नाही. फरक जाणवतो का? बर्फात हो, स्टेअरिंग वळवून हळूच पेडल दिलं की चारी चाकं मिळून ढकलतात, लोण्यातून सुरी फिरावी तसं. बाकी दिवस नाही.

पण ताई म्हणतात ते इथे दरवर्षी डोळ्यांनी बघतो. सीझनचा पहिला बर्फ पडला की आय-७० हायवेच्या कडेला चरात गेलेल्या गाड्या दिसतात, त्यात ऑल व्हील वाल्या भरपूर. निघता येतं म्हणून वेग घेतात आणि थांबता येत नाही. म्हणूनच इथला कायदा नुसतं ऑल व्हील ड्राइव्ह मानत नाही, डोंगराच्या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे टायरची नक्षी कमीत कमी ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर, असावीच लागते. आपल्याकडे १.६ ला टायर बाद.

आता आईंबद्दल, हा माझा थोडासा कामाचा विषय आहे. माणसाला मळमळतं ते खड्ड्यांच्या दणक्याने नाही. सगळ्यात वाईट हेलकावा म्हणजे साधारण पाच सेकंदांना एक, संथ. बोटीत तोच असतो, आणि घाटात एक वळण डावीकडे एक उजवीकडे या लयीत तोच मिळतो. म्हणून अगदी मऊ सस्पेन्शनची आलिशान गाडी आईला जास्त लागू शकते आणि थोडी कडक गाडी कमी. उंच की बसकी यापेक्षा गाडी वळणात एकदा कलली की तिथेच स्थिर राहते की परत परत झुलते हे बघा. आणि अर्धा खेळ तुमच्या पायात आहे. ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर, मग एकदम सोडायचा नाही, स्टेअरिंग जसजसं वळतंय तसतसा पाय उचलायचा म्हणजे पुढचं नाक फटकन वर येत नाही. थांबताना शेवटच्या हातभर अंतरात ब्रेक जरासा सैल करायचा. माझे आजोबा कऱ्हाडला टांगा चालवायचे, त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, घोडा थांबताना लगाम शेवटी सैल सोडायचेच.


चार्जिंगला_लावलीये (नाशिक)

कुणी अजून इलेक्ट्रिकचं नाव काढलं नाही म्हणून मी काढतो. टाटाची हॅरियर ईव्ही, क्वाड व्हील ड्राइव्ह म्हणजे चारी चाकांच्या ड्राइव्हवाली, गेल्या वर्षी घेतली. पुढे एक मोटर, मागे एक मोटर, मधे दांडा नाही, क्लच नाही, त्या क्लचचं तेल नाही. ५०४ न्यूटन मीटर, कंपनी ० ते १०० साठी ६.३ सेकंद सांगते. पहिल्या आठवड्यात सगळ्या पाहुण्यांना ते दाखवून झालं, मेहुण्याचा चष्मा पडला, विषय संपला. आता कुणी मागत नाही.

मजा कुठे येते तर सप्तशृंगी गडाच्या घाटात. पेट्रोलमध्ये गिअर खाली पडायचा जो अर्धा क्षण जातो तो नाहीच, पाय जेवढा मागतो तेवढंच तिथल्या तिथे मिळतं. पण डेन्व्हरकर म्हणतायत ते मळमळीचं शंभर टक्के. रीजन, म्हणजे पाय उचलल्यावर मोटरनेच वेग कमी करून बॅटरीत चार्ज भरणं, फुल ठेवलं तर पाय उचलला की गाडी ब्रेक मारल्यासारखी ओढून धरते, मागच्यांची मान डोलत राहते. आमच्या काकूंनी वणीला उतरून सांगितलं की पुढच्या वेळी मी एसटीने येईन. आता घरचे असले की रीजन सगळ्यात कमी. आणि गाडी दोन टनांच्या वर आहे, ती वजन लपवते छान, पण उतारावर ओल्यात ते वजन आहे हे विसरायचं नाही.

तुमच्या बजेटमध्ये नवीन येईल. गुहागरला चार्जिंगचं गणित तेवढं आधी बघा, गणपतीच्या रांगा धरून.


तिसरा_गिअर (पुणे)

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. रविवारी दोन्ही गाड्या परत चालवून आलो, यावेळी आईला आणि बायकोला घेऊन, विकणाऱ्याला विनवून कात्रजच्या जुन्या घाटापर्यंत.

ऑक्टाव्हिया माझी आवडती, लपवत नाही. स्टेअरिंगला बसलो आणि पहिल्या वळणातच हसू आलं, ढुंगणाखाली रस्ता कळतो. पण आईला उतरताना गुडघ्याला हात लावून उठावं लागलं, मला हात द्यावा लागला, आणि शेवटी गावच्या वाटेवरचे स्पीडब्रेकर आठवले, पाच माणसं आणि सामान भरून पोट घासणार म्हणजे घासणार. टिग्वानमध्ये आई सरळ चालत गेल्यासारखी आत बसली. वळणात थोडी कलते, पण कलून तिथेच थांबते, झुलत नाही. डेन्व्हरकर, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी नुसतं "कलते" एवढंच बघून नाकारली असती. पाऊस नसल्यामुळे चारी चाकांचं काय ते कळलं नाही, भाऊ म्हणाले तसं शून्य.

मनात टिग्वानच आहे. घेताना काय तपासू? गाडी ३८ हजार चाललीये, पुढचे दोन टायर एका कंपनीचे आणि मागचे दुसऱ्या.


आंबाघाट_दर_गुरुवारी (कोल्हापूर)

तिथंच थांब. पुढं नवे आणि मागं झिजलेले असले की चाकांचा घेर वेगळा, घेर वेगळा म्हणजे फिरायचा वेग वेगळा, आणि तो फरक त्या बिचाऱ्या प्लेटांच्या क्लचनं दिवसभर सोसायचा. चारी चाकांच्या गाडीला चारही टायर एका कंपनीचे, एका मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले पाहिजेत. पंक्चर होऊन एक टायर गेला तरी जोडी बदलावी लागते, कधी चारी. हा खर्च शोरूमवाला सांगत न्हाई. भावात तेवढे पैसे कमी करून घे.

दुसरं म्हणजे हाल्डेक्सचं तेल. इंजिनाचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, मागच्या डिफरन्शियलचं वेगळं आणि हे वेगळं. मी तीन वर्षांनी बदलतो आणि नुसतं तेल बदलून भागत न्हाई, पंप खोलून त्याची जाळी साफ करायला लावायची, प्लेटांचा बारीक गाळ तिथं अडकतोय आणि पंप मरतो. माझ्या ओळखीच्या एकाच्या गाडीचं दर सर्व्हिसला बिल झालं, बिलावर "ऑल व्हील ऑइल" लिहिलेलं, आणि खोलून बघितलं तर बोल्टवरचा कारखान्याचा रंगाचा ठिपका तसाच. कधी हातच लावला नव्हता. गाडी दोन वर्षं पुढच्या दोन चाकांवर पळत होती आणि हा गडी आम्हाला फोर व्हीलचं कौतुक सांगत होता. कोरड्या रस्त्यावर कळतच न्हाई, बोललो न्हवतो का!

घ्यायच्या आधी तपासायचं सोपं, कच्च्या चढावर नेऊन स्टेअरिंग पूर्ण वळव आणि उभ्यावरनं जोरात उचल. पुढची चाकं खडी उडवत बसली तर मागचं झोपलंय. चारी मिळून उचललं तर जागं आहे.


तिसरा_गिअर (पुणे)

सहा आठवड्यांनी येतोय, हिशोब द्यायला.

टिग्वान घेतली. बोपदेव घाटाच्या बाजूला एका खडीच्या चढावर तो प्रयोग केला, विकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता, पण गाडीने चारी चाकांनी उचललं. टायरचे पैसे भावातून कापून घेतले आणि चारही नवीन घातले, ताई, नंबर वाचूनच घेतले, दुकानदाराने आधी दीड वर्षं जुने काढले होते ते परत ठेवायला लावले. हाल्डेक्सचं तेल बदललं, मी समोर उभा राहून, जाळीवर काळा चिकट गाळ होता, बोटाला लागलेला दोन दिवस निघाला नाही.

पहिली फेरी गेल्या शनिवारी. पाटणला चहाला थांबलो तर आईने बाजारातून दोन किलो पावट्याच्या शेंगा घेतल्या. पुढे बसवलं होतं तिला. कोयनानगर गेलं, मी आलेपाक पुढे केला तर म्हणाली ठेव तिथे, आणि मांडीवर पेपर पसरून शेंगा सोलायला घेतल्या. घाटात! मी म्हटलं आई बाहेर बघ, खाली बघू नकोस, लागेल. ऐकेल तर शपथ. मग मी काय करणार, मला एवढंच दिसत होतं की पेपरवरून एक जरी दाणा घरंगळला तर बोलणी मला बसणार. हेळवाकपासून पोफळीपर्यंत ब्रेक आधी, पाय हळू, स्टेअरिंगमागच्या पॅडलने दुसरा-तिसरा गिअर, समोरून ट्रक दिसला की लांबूनच वेग कमी. २५-३० च्या वर काटा क्वचितच गेला असेल. आणि खरं सांगू, इतक्या वर्षांत त्या घाटात एवढं मन लावून गाडी कधी चालवली नव्हती, खाली पोचलो तेव्हा हाताला घाम होता. आई म्हणाली, "आज रस्ता चांगला केलाय वाटतं." रस्ता तोच आहे, उलट वरचं डांबर दोन ठिकाणी गेलंय.

परतीला सोमवारी पहाटे अवकाळी पाऊस लागला. चढावर एका यू वळणात समोरच्या टेम्पोने पूर्ण थांबवलं, निघताना पेडल दाबलं आणि मागून कुणीतरी तळहात लावून ढकलल्यासारखी गाडी निघाली. दिवा नाही, भुर्र नाही. भाऊ, ती भाकरी कळली.

तक्रार म्हणाल तर शहरात पेट्रोल फार पिते, नऊच्या वर ॲव्हरेज गेलेलं नाही. आणि सीटच्या रेलमधून अजून पावट्याची सालं निघतायत, शेवटच्या वळणावर धाकट्याने मागून पेपर ओढला.


वशिष्ठीकाठची (चिपळूण)

टायरचा नंबर वाचून घेतलात, जिंकलंत. ऑक्टाव्हिया नाही घेतलीत ते माफ.

पाटणला पावटा काय भावाने मिळाला ते सांगितलं नाहीत. चिपळूणला ह्या वर्षी लुटतायत नुसते.